शेवंतीचा दिवस

ही गोष्ट १९९३ सालची. इंदूरच्या आमच्या मिलचा भोंगा गप्प होऊन वर्ष उलटलं होतं, तरी मिल क्वार्टरमधली माणसं सकाळी भोंग्याच्याच वेळेला उठायची आणि मग काय करायचं ते न सुचून ओट्यावर बसायची. माझा धाकटा भाऊ दिनानाथ मिलच्या टाइम ऑफिसात क्लार्क होता. मी मिलच्याच प्राथमिक शाळेत शिकवायची. मिल गेली, तिच्यामागं शाळाही गेली. घरात आम्ही चौघं: आई, मी, दिनू आणि त्याची बायको चारुलता. माझं लग्न झालेलं नव्हतं. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढं ते मला बऱ्याच जणांनी तोंडावर ऐकवलं.

शेवंती आमच्याकडे आली ती मिलच्या मॅनेजरमुळे. साहेब बंगला रिकामा करून अहमदाबादला गेले. सोफे नेले, पडद्यांच्या सळयासुद्धा नेल्या, पण पाळलेली अल्सेशियन कुत्री मागच्या अंगणात टाकून गेले. दिनू किल्ल्या जमा करायला गेला तेव्हा ती पायरीवर बसून होती. साहेब तिला काय म्हणायचे हे कुणालाच माहीत नव्हतं. दिनूनं टायगरपासून डेझीपर्यंत सगळी नावं घेऊन पाहिली, ती कशालाच मान वळवेना. शेवटी तो सायकल हातात धरून निघाला, तर ही गुपचूप मागून चालत आली, थेट आमच्या दारापर्यंत.

"आधीच घरात कमावणारं कुणी नाही," आई म्हणाली, "त्यात हे धूड."

पिवळं-तांबूस अंग, पाठीवर काळी झूल घातल्यासारखा पट्टा. मी तिला शेवंती म्हटलं. ती पहिल्या हाकेला उठून आली आणि माझ्या पायावर हनुवटी टेकून बसली. मग काय बोलणार?

विष्णूजी पूर्वी मिलला कोळसा पुरवायचे. मिल बंद पडली तसे ते जमिनीच्या धंद्यात शिरले. जिथं कालपर्यंत सोयाबीन उभं होतं तिथं भिंती उठत होत्या. भिंत आली की फाटक आलं, फाटक आलं की राखण आली. शहराबाहेर पीथमपूरला उभ्या राहिलेल्या नव्या कारखान्यांना राखणीची कुत्री हवी होती. विष्णूजींकडे सुलतान नावाचा दांडगा अल्सेशियन होता, मादी नव्हती. त्यांना मराठी सगळं कळायचं, बोलायचे मात्र हिंदीच. आमचं त्याच्या उलट.

"दिनानाथ भिया," ते आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, "मादी तुम्हारी, सुलतान अपना. पिल्ले निकालो, कंपनियों में देंगे. पूरा कुत्ताघर तुम सँभालना."

"आणि नाही झाली पिल्लं तर?" मी आतून विचारलं.

"तो गोडाउन पर बाँध देंगे, बेनजी. भौंक तो लेगी!"

शाळेतल्या मास्तरणीला इंदूरात बेनजीच म्हणतात, शाळा राहो न राहो. दिनूनं दोन्हीला मान डोलावली. त्या दिवशी तो कितीतरी महिन्यांनी ताठ बसून जेवला, म्हणून मी गप्प राहिले. पण विष्णूजींच्या गोदामावरची कुत्री मी पाहिलेली होती. साखळी इतकी आखूड की तिला सावलीपर्यंतही जाता येत नव्हतं. ती गेल्यावर तिच्या जागी दुसरी आणली, तीही गेली.

संक्रांत झाली आणि शेवंती विटाळशी झाली. फरशीवरचे लाल थेंब आधी चारूला दिसले. आईनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर बाजूला बसली!"

आणि इथं आईचं वागणं एकदम पालटलं. ज्या कुत्रीला ती आजवर जनावर म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवायची, तिला तिनं बाईमाणसाचे सगळे नियम लावले. मागच्या पडवीत वेगळं पोतं, वेगळी ताटली, लोणच्याच्या बरणीवर तिची सावलीही पडायची नाही. त्याच आठवड्यात चारूही बाजूला होती. पडवीच्या एका टोकाला कांबळ्यावर चारू, दुसऱ्या टोकाला पोत्यावर शेवंती.

"बाईसाहेब, तुमचं बरं आहे," चारू शेवंतीला म्हणायची. "वर्षातून दोनदाच."

पाचव्या दिवशी आईनं दोघींनाही डोक्यावरून आंघोळ घालायला लावली. शिकेकाईनं. शेवंतीनं अंग झटकून सगळी पडवी भिजवली. आई समाधानानं म्हणाली, "झाली शुद्ध. दिनू, आता ने हिला."

दिनूला ते पटलं. बायकांचे चार दिवस तो लहानपणापासून पाहत आला होता. पाचव्या दिवशी सगळं पुन्हा सुरळीत चालू होतं एवढंच त्याला ठाऊक. रिक्षा करून तो तिला लालबागच्या बाजूला विष्णूजींच्या बंगल्यावर घेऊन गेला.

दुपारी परत आला तो चेहरा पाडून. शेवंतीनं शेपूट पायांत घातली आणि खालीच बसली. सुलताननं जास्त लगट केली तेव्हा उठली आणि त्याचा कान फाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विष्णूजी आपल्या मारुतीतून स्वतः आले. "टाँके लगे हैं सुलतान को," ते गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाले. "दिनानाथ भिया, माल में खोट है. कल मुँह पर जाली बाँधो, मेरे दो आदमी पकड़ेंगे. फिर भी काम नहीं बना, तो सीधी गोडाउन."

मी कणीक मळत होते. हात धुतले आणि बाहेर आले.

"उद्या नाही," मी म्हटलं. "तिच्यात खोट नाही. तिचा दिवस अजून आलेला नाही."

विष्णूजींनी दिनूकडे पाहिलं. पुरुषांच्या बोलण्यात बाई आली की इतर पुरुष तिच्या घरच्या पुरुषाकडे असं बघतात, जणू त्याच्या दुकानातली काच फुटली आहे.

"ताई, तू आत जा," दिनू कसाबसा म्हणाला.

"तुला काय कळतं ग त्यातलं?" आई दारातून ओरडली. "संसार केलायस का कधी?"

"संसार शेवंतीनंही केलेला नाही, आई. तिला कळतंय ना?"

चारू तोंडाला पदर लावून आत पळाली. विष्णूजींनाही हसू आवरेना. "अच्छा बेनजी, दिन कब आएगा? आपको चिट्ठी डालेगी?"

"मला कशाला? सुलतानला सांगेल. मी फक्त बघत राहणार आहे. आणि तोंड बांधून, धरून लावलंत, तर एक तर तिला इजा होईल नाहीतर त्याला. पिल्लं तर नाहीच व्हायची."

विष्णूजींनी रुमालानं कपाळ पुसलं. "ठीक है. मैं नाथद्वारा जा रहा हूँ. लौटते ही टेम्पो भेजूँगा. तब तक दिन आया तो आया. नहीं तो आपकी शेवंती और मेरी साँकल."

मला कुठून कळलं, असं चारूनं विचारलं तेव्हा मी तिला खरं ते सांगितलं. माझ्या वर्गाची खिडकी शाळेच्या मागच्या मैदानावर उघडायची. तिथं एक लंगडी गावठी कुत्री वीसेक पोरांची आई होऊन राहिली होती. तिचे दिवस आले की गल्लीतले सगळे कुत्रे जमायचे. ती सुरुवातीला एकेकावर दात काढायची, पार हाकलून द्यायची. बरेचसे कंटाळून निघून जायचे. आणि तिचं अंगावरून लाल जाणं फिकं पडलं, की तीच एखाद्याकडे पाठ करून, शेपटी बाजूला घेऊन उभी राहायची. तिला कुणी दिवस मोजून दिले नव्हते. मुलांनी बघू नये म्हणून मी खिडकी लावून घ्यायची. पण लावण्याआधी मी स्वतः बघायची, आणि त्यात मला कधी लाज वाटली नाही.

तरी खात्री करावी म्हणून मी जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होता. माझा प्रश्न ऐकून तो टेबलावरचा कागद सरळ करत बसला. "मॅडम, मिस्टर को भेज दीजिए," म्हणाला.

"मिस्टर नाहीत," मी म्हटलं. "कुत्री आहे. तिच्याबद्दल विचारतेय."

त्यानं घाम पुसला, आणि भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडे बघत बघत सांगितलं ते एवढंच, की रक्त दिसतं तेव्हा सुरुवात असते, दिवस नंतर असतो, आणि प्रत्येकीचा वेगळा असतो. तेवढं मला पुरलं.

मग मी रोज सकाळी उजेडात, पुढच्या अंगणात, जुन्या धोतराच्या पांढऱ्या तुकड्यानं शेवंतीला पुसून बघू लागले. मागच्या पडवीत लपूनही बघता आलं असतं. पण तिथं उजेड नव्हता, आणि लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटतही नव्हतं. आमच्या समोरच्या खोलीत बाबूराव राहायचे, मिलमधले जुने जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. दिवसभर एकच पेपर वाचायचे.

"काय बाई," ते पेपराआडून ओरडले, "आज रंग कुठला?"

"गुलाबी," मी म्हटलं. "तुमच्या पेपरात काय आलंय? मिल उघडली का?"

पेपर पुन्हा वर गेला. पण खरं सांगायचं तर दारात जमणाऱ्या गल्लीतल्या कुत्र्यांना काठी आपटून हाकलायचं काम बाबूरावांनीच अंगावर घेतलं. बसल्या जागी त्यांना ड्यूटी मिळाली. कुणी जवळ आलं की म्हणायचे, "चल हट, गेटपास दाखव आधी."

आईनं माझ्या हातचं जेवण सोडलं. "ते हात कुठं कुठं लावतेस, आणि तेच भाताला!" मी साबणानं तीनदा हात धुऊन दाखवले. ती ऐकेना, तेव्हा म्हटलं, मग तुझं तू शिजव. तिनं शिजवलं. तिच्या पिठल्यात मीठ जास्त झालं, तरी तिनं ते संपवलं. हट्टाचा वारसा आमच्याकडे कुठून आला हे कुणाला विचारावं लागत नाही.

कापडावरचा डाग दिवसेंदिवस फिका होत गेला. आधी कुंकवासारखा, मग डाळिंबाच्या रसासारखा, मग डाळ धुतलेल्या पाण्यासारखा. आधी घट्ट सुजलेलं अंग मऊ पडायला लागलं. तिच्या शेपटीच्या मुळाशी मी खाजवून बघायची. ती गुरगुरायची, खाली बसायची. दुसऱ्या दिवशी गुरगुरली नाही, पण बसली. त्याच्या पुढच्या दिवशी उभी राहिली, पण शेपटी खाली धरून.

"अजून नाही," मी चारूला सांगायची.

"आणि टेम्पो आधी आला तर?"

मी कापडाचा तुकडा धुऊन दोरीवर टाकला.

टेम्पो आलाच. शेपटी खाली धरल्याच्या दुसऱ्याच सकाळी, मी अजून कापडाचा तुकडा हातात घेतला नव्हता तेवढ्यात. दोन माणसं साखळी घेऊन उतरली. दिनू शेवंतीला घेऊन अंगणात आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याच्या हातातून पट्टा घेतला.

"एक मिनिट," मी त्या माणसांना म्हटलं.

सगळं क्वार्टर ओट्यावर आलं होतं. मी शेवंतीच्या पाठीवर हात ठेवला आणि शेपटीच्या मुळाशी खाजवलं. ती पाय रोवून उभी राहिली. मग शेपटी उचलली आणि एका बाजूला वळवून तशीच धरली. मी दुसऱ्या बाजूनं हात लावला, तिनं शेपटी दुसरीकडे वळवली. कापड जवळजवळ पांढरंच निघालं.

"आज," मी म्हटलं. माझा आवाज जरा मोठाच आला असावा.

"मेरे को तो गोडाउन बोला है," ड्रायव्हर म्हणाला.

"ज्यांनी सांगितलंय त्यांना मी बघते. बंगल्यावर घे."

मी पदर खोचला, शेवंतीला चढवलं आणि मागं पोत्यांवर तिच्याशेजारी बसले. आईचा आवाज आला, "सरले, लोक काय म्हणतील? पन्नाशीची कुमारिका कुत्रीला घेऊन..." पुढचं तिला उच्चारता येईना. तेवढ्यात चारू चपला घालून आली आणि माझ्या शेजारी चढून बसली. ते बघून दिनूही पुढं ड्रायव्हरजवळ बसला. त्याला दुसरं करण्यासारखं उरलं नव्हतं.

कृष्णपुऱ्याचा पूल ओलांडून राजवाड्यापाशी टेम्पो गर्दीत अडकला. माझा एक जुना विद्यार्थी तिथं गाडीवर पोहे विकत होता. "बेनजी, किधर?" तो ओरडला.

"शेवंतीच्या सासरी!" चारूनंच उत्तर दिलं. आजूबाजूचे रिक्षावाले हसले. मीही हसले.

विष्णूजी बनियनवर, दोन पाहुण्यांबरोबर अंगणात चहा पीत होते. आम्हाला बघून उठले, शर्ट शोधू लागले. "अरे बेनजी! आप लोग अंदर बैठिए, लेडीज के पास."

"आत बसायला आले नाही. सुलतानला सोडा. जाळी नको, साखळी नको, धरायला माणसं नकोत. सगळ्यांनी भिंतीला लागून उभं राहा."

"पर बेनजी..."

"भिंतीला."

वर्गात पन्नास पोरं गप्प करायचा आवाज होता तो. पाहुणेसुद्धा कपबशा घेऊन भिंतीला लागले.

सुलतान बाहेर आला आणि शेवंतीला बघताच थबकला. फाटलेला कान मागं घेऊन तो विष्णूजींच्या पायांमागं शिरला. विष्णूजी त्याला पुढं ढकलू लागले. "जा ना, मर्द है कि नहीं?"

"त्याला ढकलू नका," मी म्हटलं. "ती बोलावेल."

शेवंती अंगणभर एक फेरी मारून आली. त्याच्यासमोर पुढचे पाय पसरून वाकली, पळाली, परत आली, पंज्यानं त्याला एक टपली मारली. तो जरा पुढं आला. तिनं पुन्हा पळून दाखवलं. मग अंगणाच्या मधोमध येऊन थांबली, त्याच्याकडे पाठ केली आणि शेपटी बाजूला घेतली. पुढं जे व्हायचं ते झालं, कुणी हात न लावता.

दोघं एकमेकांना अडकून पाठमोरी उभी राहिली तेव्हा एक नोकर घाबरून पाण्याची बादली घेऊन धावला.

"बादली खाली ठेव!" मी ओरडले. "आपोआप सुटतील. ओढलंस तर दोघांनाही इजा करशील."

त्याला बराच वेळ लागला. पाहुणे कुंड्यांमधली झाडं निरखत होते. वरच्या खिडकीतून विष्णूजींची बायको उघड उघड बघत होती. माझी-तिची नजर भेटली, तेव्हा तिनं पडदा ओढला नाही.

सुटल्यावर मी शेवंतीला पाणी पाजलं. "परवा पुन्हा आणेन," मी विष्णूजींना म्हटलं. "आणि एक आत्ताच ठरवून टाकू. ही गोदामावर जाणार नाही."

"वो तो पिल्ले हुए तो, बेनजी. अभी क्या पक्का है?"

"पिल्लं नाही झाली तरी जाणार नाही. पुढच्या खेपेलाही मी सांगेन तेव्हाच. नाही सांगितलं तर नाही. तिच्या पोटावर तुमचं कुत्ताघर चालणार असेल, तर चालवणारी ती आहे, साखळी नव्हे."

विष्णूजींनी पुन्हा दिनूकडे पाहिलं, त्या काच फुटलेल्या नजरेनं. दिनूनं खाली पाहिलं, मग वर पाहिलं.

"ताई म्हणते तसंच होईल, विष्णूजी," तो म्हणाला. "नाहीतर सुलतानला तुम्ही दुसरी मादी बघा."

पाहुण्यांसमोर विष्णूजींना एवढंच म्हणता आलं, "अरे भिया, नाराज क्यों होते हो? चाय पियो."

रामनवमीच्या सुमाराला शेवंतीला सात पिल्लं झाली. पाच पीथमपूरला राखणीला गेली. त्यातले दोन कारखाने पुढं बंद पडले आणि तिथल्या कुत्र्यांचं काय झालं ते आम्हाला कळू शकलं नाही. एक पिल्लू बाबूरावांनी मागून घेतलं आणि मुलाकडे देवासला राहायला गेले तेव्हा बरोबर नेलं. एक चारूनं ठेवलं.

पुढच्या पावसाळ्यात शेवंतीचे दिवस पुन्हा आले. विष्णूजींनी टेम्पो पाठवला, मी रिकामाच परत लावून दिला. तिचं अंग अजून भरलं नव्हतं. तिला आयुष्यात दोनच विणी झाल्या. २००४ च्या हिवाळ्यात ती पडवीत, उन्हात झोपल्या जागी गेली.

दिनूनं विष्णूजींचं कुत्ताघर सहा वर्षं सांभाळलं, मग भांडून बाहेर पडला आणि एका शाळेत हिशेबनीस झाला. २०१५ मध्ये तो हृदयविकारानं गेला. विष्णूजींनी चार कॉलन्या बांधल्या. ते शेवटपर्यंत लोकांना सांगायचे की तो दिवस त्यांनीच पंचांगात बघून काढला होता. आई १९९८ मध्ये गेली. माझं बरोबर होतं असं ती कधी म्हणाली नाही, आणि मीही तिच्याकडून वदवून घेतलं नाही. चारू मात्र शेवंतीला बंगल्यावर नेलं त्याच्या पुढच्याच महिन्यापासून बाजूला बसायची बंद झाली होती. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात येऊन तिनं फोडणी दिली. आई पाहत राहिली, मीही पाहत राहिले, आमटी छान झाली होती.

मी आता ऐंशीच्या पुढं आहे. चारू आणि मी एका फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो, आणि आमच्याकडे रस्त्यावरून उचलून आणलेली एक काळी कुत्री आहे. गेल्या वर्षी सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुत्र्यांना लिफ्टबंदीचा ठराव आला. मी एकटी विरोधात उभी राहिले. ठराव पास झाला. मी आमच्या कुत्रीला रोज लिफ्टनंच नेते.